जवळची घरे, जवळचे दिवस

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, स्कॉटलंडच्या सीमेला लागून नॉर्थम्बरलँड आणि त्याच्या दक्षिणेला डरहॅम असे दोन परगणे आहेत. १९५१ ते १९६० या दहा वर्षांत तिथल्या सहा वर्षांखालच्या ९६ मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. ई. जी. नॉक्स या संशोधकांनी प्रत्येक मुलाबद्दल दोनच गोष्टी टिपल्या. घर कुठे होते आणि आजार केव्हा सुरू झाला. १९६४ साली त्यांनी यातून जे काढून दाखवले, त्याने एका संपूर्ण अभ्यासशाखेला वळण लागले.

नॉक्स यांनी मुले मोजली नाहीत, मुलांच्या जोड्या मोजल्या. ९६ मुलांपैकी कोणतीही दोन घ्यायची म्हटली, तर ४,५६० जोड्या होतात. त्यांपैकी १५२ जोड्या अशा निघाल्या की दोघांचा आजार साधारण ६० दिवसांच्या आत सुरू झाला होता. २५ जोड्यांमध्ये दोन्ही घरे एक किलोमीटरच्या आत होती. आता स्थळाचा काळाशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही अर्थांनी जवळ असलेल्या जोड्या किती निघाव्यात? १५२ ला २५ ने गुणून ४,५६० ने भागले की उत्तर येते ०.८३, म्हणजे फार तर एखादी जोडी. प्रत्यक्षात पाच निघाल्या.

हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल आणि तरीही तो फार खोल आहे. कुठे किती मुले राहतात, कुठल्या वस्तीत दाटी आहे, कुठल्या वर्षी डॉक्टर जास्त नेमके निदान करू लागले, यातले काहीही नॉक्स यांना माहीत असण्याची गरज नव्हती. दाट वस्तीत घरे जवळ असणारच. ती गोष्ट २५ या आकड्यात आधीच धरलेली आहे. एखाद्या वर्षी रुग्ण जास्त असतील, तर ते १५२ मध्ये आले. उरतो तो फक्त एक प्रश्न: जी मुले जवळ राहत होती, ती एकाच सुमारास आजारी पडली का? संसर्गाची पाऊलखूण अशीच असते. गोवर एका आळीत येतो तेव्हा थोड्या दिवसांतच घराघरांत फिरतो आणि मग दुसऱ्या आळीला जातो. विषारी पाणी किंवा किरणोत्सर्ग हे कारण असेल, तर ते एका जागी वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे केवळ स्थळाचा पुंजका एका प्रकारच्या कारणाकडे बोट दाखवतो आणि स्थळ-काळाचा पुंजका दुसऱ्या प्रकारच्या. १९६७ साली नेथन मँटेल यांनी ही रीत जास्त व्यापक केली आणि पुढे 'नॉक्स चाचणी' कर्करोगाबाहेरच्या कित्येक अभ्यासांत वापरली गेली.

मग पाच जोड्या म्हणजे सिद्ध झाले का? नाही. एक किलोमीटर का, दोन का नाही? ६० दिवस का, ९० का नाही? मर्यादा बदलली की आकडा बदलतो. नंतर अनेक देशांत हाच प्रयोग झाला, तेव्हा कुठे पुंजके दिसले, कुठे दिसले नाहीत.

यात माणसाच्या डोळ्याचीही अडचण आहे. लग्नात उधळलेल्या अक्षता सतरंजीवर सारख्या अंतराने पडत नाहीत. कुठे चार दाणे एकत्र असतात, कुठे हातभर जागा मोकळी राहते आणि त्यामागे कोणाचा हात नसतो. श्रीमंत देशांत १५ वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे वर्षाला साधारण चार-पाच जणांना ल्युकेमिया होतो. इतका विरळ आजार हजारो गावांवर विखुरला, तर काही गावांत निव्वळ योगायोगानेच दोन-तीन मुले सापडतील. त्या गावातल्या आईला मात्र हे समजावून सांगणे फार अवघड आहे. शेजारच्या घरातले दुसरे मूल आजारी पडले की ती कारण विचारणारच, आणि विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. अभ्यासकाची पंचाईत अशी, की पुंजका आधी दिसतो आणि त्याच्याभोवतीची रेघ नंतर ओढली जाते. मग गावाची हद्द, वर्षांची मर्यादा, वयाची अट या सगळ्याच गोष्टी त्या पुंजक्याला सोयीच्या निघतात.

तरीसुद्धा शास्त्रज्ञांनी ही वाट सोडली नाही, कारण नकाशाने पूर्वी खरे उत्तर दिलेले होते. युगांडातले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना मुलांच्या जबड्यात वाढणारी एक विचित्र गाठ वारंवार दिसे. १९६१ मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून आफ्रिकेत सुमारे दहा हजार मैल फिरले आणि जिथे जातील तिथल्या दवाखान्यांत त्या गाठीची चौकशी करत राहिले. नकाशावर एक पट्टा उमटला. जिथे ऊब आणि पाऊस भरपूर तिथे गाठ होती. उंच, थंड भागांत नव्हती. हा पट्टा मलेरियाच्या पट्ट्याशी जुळत होता. १९६४ साली त्याच गाठीच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. पुढे जपानमध्ये प्रौढांच्या एका खास ल्युकेमियाचे रुग्ण मोठ्या प्रमाणात नैऋत्येच्या क्युशू बेटावर जन्मलेले आहेत असे लक्षात आले आणि त्यामागेही एचटीएलव्ही-१ हा विषाणू निघाला. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू तर ग्लासगोत १९६४ मध्येच मिळाला होता. त्यामुळे मुलांच्या ल्युकेमियामागेही असाच एखादा विषाणू असेल ही अपेक्षा त्या काळी अगदी रास्त होती. साठ वर्षे शोधूनही तो मिळालेला नाही. पण तो शोधताना जे हाती आले, ते मला त्या विषाणूपेक्षाही मोलाचे वाटते.

नोव्हेंबर १९८३ मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनने एक माहितीपट दाखवला. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सेलाफील्डचे अणुकेंद्र आहे. त्याचे आधीचे नाव विंडस्केल. १९५७ साली तिथल्या अणुभट्टीला आग लागली होती. माहितीपटाने दाखवले, की या केंद्राच्या शेजारच्या सीस्केल या छोट्या गावात आधीच्या तीन दशकांत सात मुलांना आणि तरुणांना ल्युकेमिया झाला होता, तर राष्ट्रीय सरासरीने पाहता तिथे एकाहूनही कमी रुग्ण अपेक्षित होता. सरकारने सर डग्लस ब्लॅक या ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने मान्य केले की सीस्केलमध्ये रुग्ण खरोखरच जास्त आहेत. मात्र केंद्रातून बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गाचा हिशेब केला, तर तो इतके रुग्ण घडवायला फारच अपुरा पडत होता. पुढच्याच वर्षी किरणोत्सर्गाच्या आरोग्यपरिणामांवर लक्ष ठेवणारी कोमेअर ही कायमची तज्ज्ञ समिती स्थापन झाली. थोड्याच काळात स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या डूनरे अणुकेंद्राजवळही असाच पुंजका आढळला.

१९९० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एक धक्कादायक शक्यता मांडली. मुलांवर पडलेल्या किरणांपेक्षा वडिलांवर पडलेल्या किरणांकडे पाहायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. मूल पोटात येण्यापूर्वी ज्या वडिलांनी केंद्रात काम करताना १०० मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त मात्रा घेतली होती, त्यांच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका सहा ते आठ पट दिसला. कल्पना करा, त्या कामगारांच्या घरांत काय झाले असेल. आपल्या नोकरीने आपल्या लेकराला हे दिले, असे वाटणाऱ्या बापाची कल्पना करा. पण हा निष्कर्ष अवघ्या चार रुग्णांवर उभा होता. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये ल्युकेमिया वाढलेला नव्हता. शिवाय सेलाफील्डच्या कामगारांना मिळालेल्या एकूण मात्रेपैकी फारच थोडा वाटा सीस्केलमध्ये जन्मलेल्या मुलांच्या वडिलांच्या वाट्याचा होता; बाकीचे बाप आजूबाजूच्या गावांत राहत होते आणि तिथे मुलांमध्ये तसा पुंजका नव्हता. लंडनच्या उच्च न्यायालयात दोन कुटुंबांनी खटला भरला. १९९३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

मग सीस्केलमध्ये झाले तरी काय? मला सगळ्यांत पटते ते लिओ किनलेन यांचे उत्तर. ते १९८८ सालचे, म्हणजे गार्डनर यांच्याही आधीचे आहे. किनलेन यांनी सीस्केलकडे अणुकेंद्राचे गाव म्हणून पाहायचे थांबवले आणि विचारले की या गावात आणखी काय वेगळे आहे. एकाकी किनाऱ्यावर, जिथे फार कोणी नव्हते तिथे, देशभरातून माणसे येऊन वसली होती. शहरातली माणसे लहानपणीच नाना जंतूंना सरावलेली असतात. दूरच्या खेड्यातली तेवढी नसतात. अशा दोन प्रकारच्या लोकांची अचानक सरमिसळ झाली, तर एखाद्या साध्या, बहुतेकांना कळतही नाही अशा संसर्गाची लाट येईल आणि त्या संसर्गाचा अगदी विरळ परिणाम म्हणून काही मुलांना ल्युकेमिया होईल. हे खरे असेल, तर अणुकेंद्र नसलेल्या ठिकाणीही तेच दिसायला हवे. म्हणून किनलेन यांनी स्कॉटलंडमधले ग्लेनरॉथिस हे नव्याने वसवलेले गाव निवडले. १९५१ ते १९६७ या काळात तिथे २५ वर्षांखालचे ३.६ रुग्ण अपेक्षित होते, सापडले १०. पाच वर्षांखालचे १.५ अपेक्षित होते, सापडले ७.

पुंजका दिसल्यावर कारण शोधत बसण्यापेक्षा आधी कारण मांडायचे आणि मग पुंजका कुठे असायला हवा ते सांगून तिथे जाऊन पाहायचे, हे किनलेन यांचे मोठेपण. पुढे त्यांनी युद्धकाळात खेड्यांत पाठवलेली शहरी मुले, बेटांवर उतरलेले सैन्य, समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारे कामगार अशी एकामागून एक परिस्थिती तपासली. बऱ्याच ठिकाणी अंदाज जुळला. कोमेअरच्या २०१६ च्या अहवालानुसार सीस्केलमधला जादा ल्युकेमिया आता उरलेला नाही. सरमिसळ संपली की लाट ओसरते, या म्हणण्याशी हे सुसंगत आहे.

त्याच १९८० च्या दशकात न्यूकॅसल विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी पुंजक्याभोवती रेघ ओढण्याचे काम माणसाच्या हातून काढून संगणकाला दिले. उत्तर इंग्लंडच्या नकाशावर लहान-मोठ्या त्रिज्यांची, एकमेकांवर चढणारी असंख्य वर्तुळे टाकायची, प्रत्येकात रुग्ण किती आणि मुले किती ते मोजायचे आणि जिथे योगायोगाने समजावता येत नाही तेवढे वर्तुळ कागदावर उमटवायचे. संगणकाला सेलाफील्डची बातमी ठाऊक नव्हती. तरी सीस्केलभोवती वर्तुळे गोळा झाली. पण टाइन नदीकाठच्या गेट्सहेड भागात आणखी एक मोठा पुंजका उमटला. त्याकडे आधी कोणाचे लक्षच नव्हते आणि तिथे अणुकेंद्रही नव्हते.

एकेक पुंजका बाजूला ठेवून सगळे मिळून पाहिले तर काय दिसते? युरोक्लस या प्रकल्पात १७ देशांतल्या, १९८० ते १९८९ मधल्या १३,३५१ मुलांच्या नोंदी एकत्र आणल्या. मुलांचा ल्युकेमिया किंचित पुंजक्यांत होतो, पण तो अंश अत्यंत लहान आहे, असे त्यातून निघाले. बहुतेक मुले कोणत्याही पुंजक्यात नसतात. आणि आपल्याकडे हेही मोठ्याने सांगायला हवे: ल्युकेमिया झालेल्या मुलापासून दुसऱ्या मुलाला तो लागत नाही. सोबत खेळल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. संसर्गाचा संबंध असलाच, तर तो साध्या, सगळ्यांना होणाऱ्या संसर्गाचा आहे, आजाराचा नाही.

या कोड्याची काळाची बाजू उलगडली ती प्रयोगशाळेत. एकाच वारेवर वाढलेल्या जुळ्या भावंडांच्या ल्युकेमियात लंडनचे मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अगदी तोच, अक्षरही न बदललेला जनुकीय बिघाड दिसला. असा बिघाड दोघांत स्वतंत्रपणे होणे अशक्य होते. तो एकाच्या पेशीत गर्भातच झाला आणि रक्तातून दुसऱ्याकडे गेला. एका जोडीत एकाला आजार पाचव्या वर्षी झाला, दुसऱ्याला चौदाव्या. पुढचा पुरावा आणखी विलक्षण आहे. अनेक देशांत बाळ जन्मले की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदी कार्डावर वाळवतात आणि ती कार्डे जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांची ही जुनी कार्डे काढून तपासली, तेव्हा काहींमध्ये जन्माच्या थेंबातच तो बिघाड मिळाला. साधारण शंभरात एका नवजात बाळात तो असतो असे आढळले, पण त्यांच्यापैकीही अगदी थोड्यांनाच पुढे आजार होतो. म्हणजे पहिला घाव जन्माआधीचा आणि दुसरा नंतरचा.

दुसरा घाव कशाने? ग्रीव्ह्ज यांचे उत्तर असे, की पहिल्या वर्षात ज्या बाळाला पुरेसे साधे संसर्ग होत नाहीत, त्याची प्रतिकारयंत्रणा अननुभवी राहते आणि नंतर आलेल्या संसर्गाला ती बेसुमार उत्तर देते. त्या धांदलीत आधीपासून अर्धवट बिघडलेली पेशी पुरती बिघडते. अगदी लहानपणी पाळणाघरात गेलेल्या मुलांना हा आजार कमी होतो, हे ब्रिटनच्या मोठ्या पाहणीत दिसले. २००९-१० च्या हिवाळ्यात मिलानमध्ये चार आठवड्यांत सात मुलांना ल्युकेमियाचे निदान झाले. त्यांतली तीन एकाच शाळेतली होती. स्वाइन फ्लूची लाट शहरातून नुकतीच गेली होती. दोन ते पाच वर्षे या वयात रुग्णसंख्येचे जे टोक दिसते, ते ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात, नंतर अमेरिकेत आणि बऱ्याच उशिरा जपानमध्ये उमटले, म्हणजे ज्या क्रमाने राहणीमान आणि स्वच्छता वाढली त्याच क्रमाने.

सगळे याने सुटत नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फॅलन गावच्या परगण्यात १९९९ ते २००१ मध्ये ११ मुलांना ल्युकेमिया झाला. एवढा पुंजका निव्वळ योगायोगाने संपूर्ण अमेरिकेत २२,००० वर्षांतून एकदा पडेल असा हिशेब निघाला. पाण्यात आर्सेनिक होते, लोकांच्या शरीरात टंगस्टन जास्त सापडले, पण आजारी आणि निरोगी अशा दोन्ही घरांत सारखेच. तिथल्या नौदलाच्या विमानतळावर देशभरातून प्रशिक्षणार्थी येत असत, याकडे किनलेन यांनी लक्ष वेधले. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १६ अणुवीज केंद्रांपासून पाच किलोमीटरच्या आत पाच वर्षांखालच्या मुलांत ल्युकेमियाचे प्रमाण दुपटीच्या आसपास दिसले. ब्रिटनच्या केंद्रांभोवती कोमेअरला २०११ मध्ये तसे दिसले नाही. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. मी त्यांतला एक उचलून दुसरा टाकणार नाही.

या साऱ्याच्या मुळाशी आहे ती नोंदवही. मुंबईत डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भारतातली पहिली १९८७ मध्ये बार्शीला झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात येतात. खेड्यातला रुग्ण इस्पितळापर्यंत येईलच याची खात्री नाही, म्हणून बार्शीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे समजावत आणि रुग्ण शोधत. ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग अशा अवस्थेत मूल दगावले आणि 'रक्त कमी झाले होते' एवढेच घरात राहिले, तर नकाशावरचा तो ठिपका कायमचा कोरा राहतो. तिथे आजार नव्हता असा अर्थ मग कोणीही काढील.

आणि पत्ता कोणता? मुंबईत परळला कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले कुटुंब नातेवाइकाचे किंवा धर्मशाळेचे ठिकाण सांगते. म्हणून आपल्या नोंदणीत किमान एक वर्ष त्या भागात राहिलेल्यालाच तिथला रहिवासी धरतात. निदानाच्या वेळचा पत्ता एवढ्याने पक्का होतो. पण पहिला घाव गर्भात होत असेल, तर आई गरोदरपणी सासरी होती की माहेरी, बाळाचे पहिले वर्ष कुठल्या गावात गेले, ऊसतोडीला किंवा बांधकामावर आईबाप बाहेर होते का, मूल बालवाडीत कधी जाऊ लागले आणि आजाराच्या आधीच्या महिन्यांत कुठला ताप येऊन गेला, हेही केसपेपरवर यायला हवे. हे सगळे आईला विचारले तर ती तारीखवार सांगते. मी आजवर पाहिलेल्या केसपेपरांवर त्यासाठी रकाना नव्हता.